तेल घातलेलं गाणं

"हात लावू नको त्याला. पूजा झालीया," अण्णा म्हणाले, आणि माझा पुढं गेलेला हात तसाच अधांतरी राहिला.

पाटावर लाल कापड अंथरलं होतं. त्यावर अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, कात्री, नट आवळायचे दोन पाने, मागावर आडवा धागा घेऊन पळणारा जुना लाकडी धोटा, आईची विळी आणि धोट्याला खेटून माझा मोबाईल. स्क्रीनवर मधोमध कुंकवाचं बोट. वर झेंडूचं फूल. उदबत्तीची राख अलगद त्याच्या बटणांवर पडत होती.

"अण्णा, ह्यो हितं कसा आला?"

"मी ठेवला."

"ओला का दिसाल्लाय?"

"धुतला की. सगळीच हत्यारं धुतली." माझा चेहरा बघून त्यांना वाटलं, मला काळजी पडली आहे. मग समजूत घातल्यासारखं म्हणाले, "पुसलाय चांगला. गंज धरू नये म्हणून त्या बारक्या भोकात दोन थेंब तेल पण सोडलंय. मशीनचं हाय. चांगलं असतंय."

बारकं भोक म्हणजे जिथं हेडफोन लावतात ते.

आमच्या इचलकरंजीत खंडेनवमीला हत्यारांची पूजा करतात. माणूस ज्याच्यावर पोट भरतो ती वस्तू धुवायची, पुसायची, तेल द्यायचं, हळदकुंकू लावून पाटावर मांडायची. एकदा मांडली की दसऱ्याची आरती होईपर्यंत तिला कोणी हात लावायचा नाही. यंत्रमागांचं गाव. वर्षभर जे खटखट खटखट चालू असतं ते या एका दिवशी गप्प बसतं. लहानपणी आम्ही पुस्तकंही पाटावर ठेवायचो, कारण मग अभ्यास करावा लागायचा नाही. पण मोबाईल पाटावर ठेवलेला मी तरी कुणाच्या घरी पाहिला नव्हता.

आणि नेमका माझा. नेमका आज.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे दसऱ्याला संध्याकाळी, गल्लीतल्या मंडळाच्या स्टेजवर मी आणि नसीम एक गाणं म्हणणार होतो. ते गाणं त्या मोबाईलच्या पोटात होतं आणि आमच्या माहितीतल्या जगात दुसरीकडं कुठंच नव्हतं.

मी तेव्हा अकरावीला होते. नसीम मुजावर माझ्या वर्गात, आणि तिचा भाऊ अस्लमभाई मोबाईलच्या दुकानात दुरुस्ती करायचा. त्या दुकानात कुठलासा पाहुणा मुलगा आला होता. त्याच्या फोनमधून ब्लूटूथनं ते गाणं अस्लमभाईच्या फोनमध्ये आलं, तिथून माझ्या. पुढं अस्लमभाईनं तो फोन विकून टाकला आणि पाहुणा आपल्या गावी गेला. गाण्याला नाव नव्हतं. म्हणणाऱ्यालाही नव्हतं. फाईलवर नुसता आकडा. कोण होता, कुठला होता, कुणास ठाऊक. पण मराठीत रॅप म्हणत होता आणि त्याचा आवाज ऐकला की माझ्या अंगावर काटा यायचा.

त्याआधी मी रॅप ऐकलं होतं ते इंग्रजीतलं. कळायचं काही नाही, नुसती मान हलवायची. हा मुलगा मात्र आमच्यासारखाच कुठल्यातरी गल्लीतून बोलत होता.

*बाकावर शेवटच्या बसलेलं नाव,*
*हजेरीत विसरलं सगळं गाव.*
*घ्या लिहून आता, मोठ्या अक्षरात लाव,*
*आलोय मी, आलोय मी, जागा द्या राव!*

मी बाकावर शेवटचीच बसायचे. उंची जास्त म्हणून सरांनी मागं टाकलेली, आणि तिथून मग कोणी पुढं बोलावलं नाही. हे गाणं कोणीतरी माझ्या बाकाखाली बसून लिहिलंय असंच मला वाटायचं. सोळाव्या वर्षी एखादं गाणं आपलं वाटणं म्हणजे काय असतं, ते ज्यांना झालंय त्यांनाच कळेल. मी ते आंघोळीच्या आधी ऐकायचे, नंतर ऐकायचे, झोपताना ऐकायचे. 'आलोय मी' हे मुलाचं बोलणं आहे असंही कधी वाटलं नाही. आमच्याकडं मुलीसुद्धा 'आलो' आणि 'गेलो'च म्हणतात.

मोबाईल मामाचा जुना होता. मेमरी कार्डाची खाच मोडलेली, ब्लूटूथही पुढं बिघडलेलं, म्हणून गाणं दुसरीकडं कुठं घेता येत नव्हतं. आमचं ठरलं होतं की मंडळाच्या स्पीकरला मोबाईल जोडायचा, गाणं बारीक आवाजात मागं चालू ठेवायचं आणि वरून आम्ही म्हणायचं. सुरुवातीला आणि मध्येमध्ये नुसता ठेका होता, तो तर पाहिजेच होता. ठेक्याशिवाय रॅप म्हणजे नुसतं भांडण, असं नसीम म्हणायची.

"तुम्ही मुद्दाम केलंसा," मी अण्णांना म्हणाले. रागानं माझा आवाज फुटत होता. अर्थात आवाज फुटला काय किंवा न फुटला काय, त्यांना तो पोचणार नव्हता.

अण्णांना ऐकू फार कमी यायचं. मागावर जन्म काढलेल्या माणसाचे कान जातात, आमच्या गावात त्याचं कुणाला नवल नाही. कारखान्यात एवढा खटखटाट असतो की तिथं बोलायचं ते नुसते ओठ हलवून. या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाला चहाला येतोस का विचारतो, तो बघून मान हलवतो. अण्णांचं घरातही तसंच. समोरच्याच्या तोंडाकडं बघायचे आणि कळायचं. त्यामुळं आईला त्यांच्यासमोर पुटपुटायची सोय नव्हती. ती काही बोलायचं असलं की पाठ करून चुलीकडं बघत बोलायची.

मी मात्र तेव्हा त्यांच्याकडं तोंड करूनच बोलले होते.

"मला स्टेजवर जाऊ द्यायचं न्हवतं तुम्हाला. तसं सांगायचं. मोबाईल कशाला बुडवला?"

अण्णांनी माझ्या ओठांकडं नीट पाहिलं. रागावले नाहीत. "हत्यार हाय ते," एवढंच म्हणाले. "हत्याराची पूजा करत्यात." आणि टोपी घालून कारखान्यातल्या पूजेला निघून गेले.

मला ती थट्टा वाटली. मुलीनं गाणं म्हणायला त्यांचा विरोध आहे अशी माझी खात्रीच होती. मंडळाची मुलं नाव लिहायला आली तेव्हा अण्णा "बघू" म्हणून आत गेले होते, आणि नंतर तो विषय त्यांनी काढला नव्हता. आईनं तर ते गाणं पहिल्यांदा मोबाईलवर ऐकलं तेव्हाच बजावलं होतं. "गाणं म्हंत्यात व्हय त्याला? भाजीवाल्यागत वरडायचं, त्यात 'बापाचा रस्ता' काय, 'जागा द्या' काय. अण्णांना कळलं ना कसलं गाणं हाय, तर बघ."

म्हणून मी घरात आवाजच काढत नव्हते. एका खोलीचं घर, सराव करायचा कुठं? कानात हेडफोन घालायचे, भिंतीवरच्या आरशाकडं तोंड करायचं, अण्णांकडं पाठ, आणि नुसते ओठ हलवत सगळं गाणं म्हणायचं. केस विंचरताना, दात घासताना. हातवारे बारीक, म्हणजे कोणाला संशय नको. माझी पाठ बघून अण्णा कधी काही बोलले नाहीत.

नसीम आली तेव्हा मी पाटासमोर गुडघ्यात डोकं घालून बसले होते. तिनं आत येऊन बघितलं, फुलाखाली कुंकू लावलेला मोबाईल बघितला, आणि तिला हसू आवरेना.

"नसीम, हसू नको. तेल घातलंय त्यात."

"तेल?"

"मशीनचं. गंजू नये म्हणून."

ती बिचारी तोंडावर ओढणी धरून बाहेर जाऊन हसून आली. मग मात्र गंभीर झाली. तिनं घरून आणलेल्या फोनवरून माझा नंबर लावला. आम्ही दोघी पाटाकडं बघत राहिलो. झेंडूचं फूल हललं नाही. फोनमधली बाई म्हणाली की हा ग्राहक संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे.

"काढून भाईकडं नेऊया," नसीम कुजबुजली. "आत्ता उघडला तर वाचंल काहीतरी."

मी हात पुढं केलाही होता. पण आई दारातच उभी होती. "तृप्ती! पूजेतलं उचलशील तर बघ. उद्या आरती झाली की ने, पायजे तिकडं ने. एक दिवस थांबलं तर काय मरत न्हाई ते."

ते आधीच मेलं होतं, पण आईला काय सांगणार.

दुपारी आई मला ओढूनच कारखान्यात घेऊन गेली. खंडेनवमीला सगळ्या कामगारांची बायकामुलं तिथं येतात, मालक प्रसाद वाटतात. नसीमही आली. प्रत्येक मागाला झेंडूची माळ आणि ऊस बांधलेला, कपाळाला लावावा तसा लाकडावर हळदीकुंकवाचा पट्टा. एरवी या कारखान्यात पाऊल टाकलं की छातीत धडधडायचं, इतका आवाज. आज तिथं पेढ्याचा कागद उलगडलेला ऐकू येत होता. बायका हळू आवाजात बोलत होत्या आणि पुरुषांना एकमेकांचे खरे आवाज ऐकून अवघडल्यासारखं झालं होतं.

मी आणि नसीम कोपऱ्यात कांड्यांच्या खोक्यावर बसलो. कांडी म्हणजे धोट्यात बसवायची सुताची गुंडी, आई त्याच भरायची. मी पेढा तसाच हातात धरला होता.

"नाव काढून टाकूया," नसीम म्हणाली.

"काढूया."

"पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी तुझं लग्न ठरवत्यात." ते खरंच होतं. तिच्या घरी बोलणी चालू होती. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग मला कळलं की दसऱ्याचं ते स्टेज माझ्यापेक्षा तिला जास्त हवं होतं, आणि मी सकाळपासून नुसतं माझं गाणं माझं गाणं करत होते.

तेवढ्यात अण्णा आपल्या मागाजवळून उठून आमच्यासमोर येऊन उभे राहिले. पाठोपाठ आई.

"म्हण," अण्णा म्हणाले.

"काय म्हणू?"

"गाणं."

"गाणं गेलं. तुमच्या तेलात गेलं," मी म्हणाले. नसीमनं मला कोपर मारलं.

अण्णांनी इकडं तिकडं पाहिलं. आपला आवाज किती मोठा निघतो याचा त्यांना अंदाज नसायचा. त्या गप्प कारखान्यात, सगळी बायकामुलं बघत असताना, बाजारात भाव सांगावा तशा मोठ्या सपाट आवाजात ते म्हणाले,

"बाकावर शेवटच्या बसलेलं नाव. हजेरीत विसरलं सगळं गाव."

सगळ्या बायकांच्या माना आमच्याकडं वळल्या.

"घ्या लिहून आता, मोठ्या अक्षरात लाव. आलोय मी, आलोय मी, जागा द्या राव." मग त्यांनी विचारलं, "बरोबर हाय न्हवं? ते 'लाव' हाय का 'नाव', मला नीट कळलं न्हाई."

"लाव," नसीमच म्हणाली.

"अण्णा, तुम्हाला कसं ठाऊक? मी तर कधी आवाजच काढला न्हाई."

"आवाज कुणाला पायजे?" अण्णा म्हणाले. "तोंड दिसतंय की तुझं. आरशात."

आई पदरात तोंड लपवून हसत होती. "पावसाळ्यापासनं बघाल्यात. जेवताना मला इचारायचे, आज पिन कुठं मारली पोरीनं, चपलेला का दुसऱ्या कशाला? मी म्हटलं मला काय म्हाईत, मला ऐकू येतंय पण तिचं काय ऐकूच येत न्हाई."

पुढचं कडवं त्या पिनेचंच होतं.

*चपलेला पिन मारली, चाल तरी ताठ,*
*रस्ता तुमच्या बापाचा का? माझीपण वाट.*
*तोंड फिरवून बसलाय, फिरवा की पाठ,*
*ऐकल्याबिगर सोडत नाही, बांधलीया गाठ.*

म्हणजे घरात ज्याच्यापासून मी ते गाणं लपवत होते, त्या एकट्या माणसाला ते पाठ होतं. आणि त्यानं ते कधी ऐकलं नव्हतं.

"सकाळी तुझ्या उशाखालनं मोबाईल काढला ह्यांनी," आई म्हणाली. "मी म्हटलं, पोरीचं खेळणं कशाला पाटावर? तर मलाच म्हणाले, खेळणं न्हवं ते. रोज एवढं ज्याच्यावर राबतीया, ते हत्यारच की."

मला रडू आलं. कारखान्यात, सगळ्यांसमोर, हातात पेढा धरून मी चांगली हुंदके देऊन रडले. सकाळी अण्णांनी 'हत्यार' म्हटलं ते थट्टेनं नव्हतं. आयुष्यात मला कुणी एवढा मान दिला नव्हता, आणि तो देताना त्यांनी माझं गाणं बुडवलं होतं. यात रागावायचं कुणावर?

"मग 'बघू' का म्हटलासा?" मी नाक पुसत विचारलं. "मला वाटलं, न्हाईच म्हणताय."

"न्हाई म्हणायचं असतं तर न्हाई म्हटलं असतं की," अण्णा म्हणाले. "आता रडू नको. ते मला एक सांग, वाजतंय कसं ते? शब्द कळाले, पण खाली काय वाजतंय ते दिसत न्हाई."

मी त्यांचा हात घेतला. तळवा खरखरीत, कडेला सुतानं कापलेल्या जुन्या रेघा. त्यावर मी दोन बोटांनी ठेका धरला. एक जड, दोन हलके, मध्ये थोडी जागा, पुन्हा जड. अण्णा डोळे मिटून उभे होते. मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"ह्यो तर माग हाय," ते म्हणाले. "जुना माग. दमानं चालणारा."

त्यांचा हात सवयीनं मागाच्या लाकडाकडं गेला आणि कुंकू बघून मागं आला. पूजेतल्या मागाला हात लावायचा नव्हता. मग त्यांनी आम्हाला उठवलं, आम्ही बसलो होतो तो कांड्यांचा खोका रिकामा करून पालथा घातला, मांडी ठोकून बसले आणि दोन्ही तळव्यांनी तोच ठेका लाकडावर वाजवला. खट-खटक, खट-खटक. मी आणि नसीमनं एकमेकींकडं पाहिलं. गाण्यातला ठेका होता तो. तसाच्या तसा. इतके महिने ऐकून मला ओळखू आला नव्हता, कारण तो मी जन्मल्यापासून कानात होता.

"म्हण आता," अण्णा म्हणाले. "पर तोंड हिकडं कर. मला दिसाय पायजे."

दसऱ्याला सकाळी आरती झाल्यावर मी मोबाईल उचलून अस्लमभाईकडं नेला. आशा सुटत नव्हती. त्यानं मागचं झाकण काढलं, आत बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. "ह्यात काय भजी तळली काय गं?" असं म्हणून त्यानं पुन्हा झाकण लावलं आणि मोबाईल माझ्या हातात ठेवला. तो विषय तिथं संपला. मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी दुःख झालं.

संध्याकाळी स्टेजवर आमच्या आधी लहान मुलींचा दिव्यांचा नाच होता. मग आमची नावं पुकारली. मी नवा ड्रेस घातलेला, नसीमच्या डोक्याला ओढणी, आणि मागून डोक्यावर खोका घेऊन अण्णा. लोक हसायला लागले. "मल्लूअण्णा, कांड्या विकाय आलासा काय?" कोणीतरी ओरडलं. अण्णांना ते ऐकू आलं नाही, हे एक बरं झालं. त्यांनी खोका ठेवला, मंडळाच्या मुलानं त्याच्यापुढं माईक लावला. आणि मग अण्णा बसले ते लोकांकडं पाठ करून.

"अण्णा, हिकडं तोंड करा! लोक तिकडं हाईत!" मुलगा खाणाखुणा करू लागला.

"मला पोरींची तोंडं बघायची हाईत," अण्णा माईकमध्ये गरजले. सगळी गल्ली हसली.

ठेका सुरू झाला. खट-खटक, खट-खटक. आणि हसणं हळूहळू थांबलं. समोर बसलेले निम्मे लोक मागावर काम करणारे, त्यांच्या माना आपोआप हलू लागल्या. पहिलं कडवं मी म्हटलं. नसीमनं 'जागा द्या राव' अशा काही जोरात म्हटलं की तिचे चुलते पुढच्या रांगेत सरकून बसले. आमचा धीर वाढला. मी दुसऱ्या कडव्यासाठी माईक तोंडाशी नेला.

आणि मला काही आठवेना.

शब्द गेले. एकही नाही. इतके महिने झोपेतसुद्धा म्हणत होते ते सगळं पुसलं गेलं. कानात फक्त खोक्याचा आवाज. नसीम माझ्याकडं बघतेय, तिलाही ते कडवं येत नाही, ते माझं होतं. समोर गल्ली, गल्लीत माझा वर्ग, वर्गातले सर. मोबाईल असता तर मागं तो मुलगा बारीक आवाजात म्हणत राहिला असता आणि मी त्याला धरून सावरले असते. आता कोण सांगणार?

मी खाली बघितलं. अण्णा माझ्याकडं तोंड करून बसलेले. हात चालूच, एक ठोका इकडचा तिकडं नाही. आणि त्यांचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. कारखान्याच्या या टोकावरून त्या टोकाला बोलावं तसे, मोठे, सावकाश, स्पष्ट.

चपलेला. पिन. मारली.

"चपलेला पिन मारली, चाल तरी ताठ!" मी म्हटलं.

रस्ता. तुमच्या. बापाचा. का.

एकेक ओळ मी त्यांच्या तोंडावरून घेतली आणि माईकमध्ये म्हटली. ते पुढं, मी मागं. लोकांना वाटलं मी बापाकडं बघून जोशात म्हणतेय. 'माझीपण वाट'ला शिट्ट्या पडल्या. शेवटच्या 'आलोय मी, आलोय मी'ला मागची मुलं ओरडत उभी राहिली, आणि 'जागा द्या राव' आमच्याऐवजी गल्लीनंच म्हटलं. आई बायकांत बसली होती. ती पण म्हणत होती.

बक्षीस दिव्यांच्या नाचाला मिळालं. ते योग्यच होतं, त्या पोरींनी डोक्यावरचा एकही दिवा विझू दिला नव्हता.

पुढं मी काही गाणारी वगैरे झाले नाही. सांगलीत बँकेत आहे. नसीम लग्न होऊन मिरजेला गेली, तिचा मुलगा हल्ली रॅप म्हणतो आणि ती त्याला ठेक्याशिवाय रॅप म्हणजे नुसतं भांडण असं शिकवते. त्या गाण्याच्या ओळी मी इंटरनेटवर किती वेळा लिहून पाहिल्या. अनोळखी लोकांना विचारलं. कुठंच नाही. तो मुलगा कोण होता ते कळलं नाही, आता कळेल असंही वाटत नाही. त्याचा आवाजही मला आठवत नाही. आठवायला गेलं की बाजारात भाव सांगावा तसा अण्णांचा सपाट आवाजच कानात येतो. मला त्याची हुरहूर लागते, फार लागते. कधी बँकेतून घरी येताना वाटतं, कुठल्यातरी दुकानात अचानक ते लागलेलं असावं आणि आपण तिथंच रस्त्यात उभं राहावं.

गेल्या वर्षी खंडेनवमीला इचलकरंजीला गेले. अण्णांचे माग कधीच भंगारात गेले, कारखान्याच्या जागी गोदाम झालं. अण्णांना आता अजिबात ऐकू येत नाही. पाटावर मात्र तीच कात्री, तेच पाने, तोच धोटा. मी माझा मोबाईल आपणहून धोट्याशेजारी ठेवला. अण्णांनी त्याला कोरडं कुंकू लावलं, फूल वाहिलं, आणि मग त्यांचा हात सवयीनं तेलाच्या बाटलीकडं गेला.

"अण्णा, तेल नको!" मी नुसते ओठ हलवून म्हटलं.

ते हसले. बाटली खाली ठेवली. मग पाटापलीकडून माझ्याकडं बघत, फरशीवर तळव्यानं हळूच ठेका धरून, त्यांनी आवाज न काढता विचारलं, बाकावर शेवटच्या?

बसलेलं नाव, मी म्हटलं.

हजेरीत विसरलं?

सगळं गाव.

आम्ही दोघं तसेच समोरासमोर बसून पुढं पुढं जात राहिलो, कडव्यामागून कडवं, पिन, वाट, गाठ. आत पुरणाचं करत असलेल्या आईला कसली तरी शंका आली असावी. ती हात पुसत दारात आली.

"का गं, घर एवढं गप का? काय चाललंय दोघांचं?"

"गाणं चाललंय," मी म्हटलं.